मोरिवलीचे विरजण

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात पहिल्या भेटीपासून करावी, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मी जरा चपापलो. नलिनीताई भोईर यांची आणि माझी पहिली भेट माझ्या एका गाढवपणामुळे झाली होती आणि तो गाढवपणा मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. ताईंच्या पंचाहत्तरीचे निमित्त आहे, तर आता सांगून टाकतो. त्या रागावल्या तरी फार वेळ रागावत नाहीत, असा अनुभव आहे.

नव्वदच्या दशकात मी उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये परसरामशेठ यांच्या छापखान्यात संगणकावर मराठी अक्षरजुळणी करत असे. त्या काळी मराठी टाइप करायचे सॉफ्टवेअर कुलूप लावून मिळे. कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. ती संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या वायरीच्या जागी बसवायची. डबी नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचे नाही आणि सॉफ्टवेअर उघडले नाही तर त्यात टाइप केलेले एक अक्षरही वाचता यायचे नाही. एका दुपारी मला साफसफाईचा झटका आला. संगणक चालू असताना मी मागची धूळ पुसायला घेतली, डबी आड येत होती म्हणून ती उपटली आणि पुन्हा खोचली. कुलूप मेले. ज्या कंपनीने ते विकले होते तिचा फोन कुणी उचलेना. माणूस पाठवला तर तिथे आता रेडीमेड कपड्यांचे दुकान होते. परसरामशेठना मी सांगितले की वीज कमी-जास्त झाल्यामुळे डबी गेली असावी. कॅम्पात विजेवर कसलाही आळ घेतला तरी खपून जाई.

आळ खपला, पण आत अडकले होते चामटोलीच्या गोविंद गुरुजींचे पुस्तक. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी बदलापूर आणि बारवीकडच्या गावांतून पायी हिंडून बोलीतले शब्द गोळा केले होते. भाताच्या जाती, बांधांचे प्रकार, मासे धरायची साधने, दुधादह्याचे शब्द, शिव्यासुद्धा. वर्षभर मी ते टाइप करत होतो आणि वर्षभर गुरुजी मुद्रिते तपासत होते. गुरुजींना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की आहे ती नजर हळूहळू जाणार. ते दर खेपेला मुद्रित नाकाजवळ धरत आणि म्हणत, "सुरेश, जरा लवकर कर रे. मला माझं पुस्तक वाचायचं आहे, ऐकायचं नाही." पुन्हा सगळे टाइप करायचे तर आणखी एक वर्ष जाणार होते. गुरुजींकडे तेवढी नजर नव्हती.

कुणीतरी सुचवले की कुलूप तोडलेली चोरीची कॉपी बाजारात मिळते. शोधली, पण आमच्या सॉफ्टवेअरची मिळाली नाही. शेवटी परसरामशेठनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "साईं, अंबरनाथ जाओ. मोरिवली में एक मॅडम है, फॅक्टरी के कंप्यूटर वाली. मशीन से बात करती है."

मोरिवली हे एमआयडीसीच्या कुशीतले जुने गाव. ताई तिथल्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. ऐंशीच्या दशकात त्या जवळच्याच एका कारखान्यात संगणक विभागात पंच ऑपरेटर, म्हणजे संगणकात आकडे भरणाऱ्या, म्हणून लागल्या आणि इंग्रजी मॅन्युअल शब्दकोश घेऊन वाचत वाचत स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकल्या. तिथेच त्यांना एक धडा मिळाला होता. कारखान्याच्या स्टोअरचा प्रोग्राम बाहेरच्या एका इंजिनिअरने लिहून दिला होता आणि तो आतून कसा लिहिला आहे ते मात्र दाखवायला तो तयार नव्हता. प्रोग्राम अडला की सगळे स्टोअर हात बांधून त्याची वाट बघत बसे. एकदा तो गावाला गेला आणि कोठारात नटबोल्टांचे ढीग असून एक नट बाहेर निघेना. ताई सांगत, "त्या दिवशी मला कळलं, मालक कारखानदार नाही, मालक तो आहे."

मी गेलो तेव्हा रविवार होता. ओटीवर त्यांच्या आई, ज्यांना सगळी आळी माई म्हणे, तांदूळ निवडत होत्या. ताईंनी माझी फ्लॉपी त्यांच्या जुन्या संगणकात घातली. पडद्यावर डॉलरच्या खुणा, उलटे स्वल्पविराम आणि कसकसल्या आडव्यातिडव्या अक्षरांची खिचडी उमटली. मला रडू यायचे बाकी होते. ताई मात्र पाहुणे आल्यासारख्या खुशीत दिसल्या.

"शब्द गावकऱ्यांचे," त्या म्हणाल्या, "गोळा केले गुरुजींनी, टाइप केले तू. मग कुलूप कुणाचं?"

चोरीच्या कॉपीचा विषय मी काढून बघितला. ताईंनी मान हलवली. "चोरीची किल्ली मिळाली तरी कुलूप राहतंच, सुरेश. आपल्याला कुलूपच नको आहे. जुनी मुद्रितं आहेत ना तुझ्याकडे?"

मुद्रिते होती. पुढचे कित्येक रविवार आमचे काम एकच. मी मुद्रितातले एकेक अक्षर वाचायचो, ताई खिचडीतली त्याच जागेवरची खूण शोधायच्या आणि कारखान्यातून आणलेल्या, दोन्ही कडांना भोके असलेल्या रद्दी कागदाच्या पाठीवर लिहून घ्यायच्या. ही खूण म्हणजे क, ही म्हणजे अर्धा श. असा तक्ता जमला आणि त्यावरून ताईंनी प्रोग्राम लिहिला. तो खिचडी वाचून, कुठल्याही संगणकाला कळतील अशी सरळ अक्षरे बाहेर काढणार होता.

सगळ्यांत छळले ते ऱ्हस्व वेलांटीने. आपण ती अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. त्या सॉफ्टवेअरने ती आधी लिहिली होती, आम्हाला ती मागे सरकवायची होती. पहिली चाचणी घ्यायला ताईंनी गुरुजींच्या यादीतला एक सोपा शब्द निवडला : विरजण. बटण दाबले. पडद्यावर आले : वरिजण. वेलांटी एक घर जास्त सरकली होती.

मी ते मोठ्याने वाचले. ओटीवरून माईंचा आवाज आला, "वरिजान म्हंजे काय गो नलू?"

ताई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्या दिवसापासून कुठलाही फसलेला प्रोग्राम आमच्या मंडळींत 'वरिजण' झाला. आजही बदलापूर-अंबरनाथकडची काही पन्नाशीची माणसे पडद्याकडे बघून "वरिजण झालं" म्हणतात आणि त्यांच्या मुलांना काही कळत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ताईंचा छापखान्यात फोन आला. मी बाहेर होतो, परसरामशेठनी घेतला. निरोप असा, की विरजण तयार आहे, येऊन घेऊन जा. माझे नुकतेच लग्न झाले होते. मला वाटले, ताईंनी नव्या संसारासाठी म्हणून बोलावले आहे. मी स्टीलची झाकणाची वाटी घेऊन मोरिवलीला हजर झालो. ताईंनी माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिले, मी त्यांच्या हातातल्या फ्लॉपीकडे पाहिले. फ्लॉपीवर निळ्या शाईत लिहिले होते : विरजण. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला जातो, ज्यावरून तो पुन्हा बनवता येतो, बदलता येतो, त्या मूळ लिखाणाला ताईंनी ते नाव ठेवले होते. चालणारा प्रोग्राम म्हणजे दही. खाऊन झाले की संपले. विरजण हाती असेल तर उद्याचे दही आपले आपल्याला लावता येते.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण माई उठल्या, वाटी माझ्या हातातून घेतली, आत जाऊन तीत चांगले दोन चमचे घट्ट दही घालून आणले आणि म्हणाल्या, "इरजान कोनाला नाय बोलाचा नाय. दिला तर सरत नाय, आन् ठेवला तर आंबतं."

ताईंनी ते वाक्य तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतले. पुढे त्यांनी वाटलेल्या प्रत्येक फ्लॉपीत ते होते. प्रोग्राम वापरायच्या परवान्याचा दुसरा मजकूर त्यांनी कधी लिहिलाच नाही.

गुरुजींचे पुस्तक छापून झाले तेव्हा ताई आणि मी ते घेऊन चामटोलीला गेलो. गुरुजी खिडकीपाशी बसले, भिंग लावले आणि वाचू लागले. चहा दोनदा गार झाला. मग त्यांनी एका पानावर बोट ठेवले. प्रोग्रामच्या सगळ्या चुका काढल्या असे आम्ही समजत होतो, तरी एक 'वरिजण' शिल्लक राहिले होते. मी म्हटले, शुद्धिपत्र जोडतो. गुरुजी म्हणाले, "राहू दे. पोर शिकताना चुकतंच." पुढच्या वर्षी त्यांना मोठे मथळेही दिसेनासे झाले. पण पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. ताईंच्या कामाची थोरवी सांगायला मला एवढे पुरे आहे.

प्रोग्रामची बातमी पसरली. एक व्यापारी मुंबईहून मोटारीने आले. त्यांना तो विकत हवा होता आणि अट एकच, की विरजण यापुढे कुणाला द्यायचे नाही. ताईंनी त्यांना चहा दिला, पोहे दिले आणि निघताना इतरांना देत तशीच एक फ्लॉपीही दिली. गृहस्थ बुचकळ्यात पडून गेले.

परसरामशेठना हे सहन झाले नाही. ताई छापखान्यात आल्या तेव्हा त्यांनी तोंडावर सुनावले, "मॅडम, दही बेचो ना. जामन क्यों बाँटती हो?"

जामन म्हणजे शेठच्या भाषेत विरजण. ताईंनी शांतपणे विचारले, "शेठ, तुम्ही लोक कॅम्पात आलात तेव्हा तुमच्या घरी पहिलं जामन कुठून आलं होतं?"

फाळणीनंतर शेठ आईच्या कडेवर बसून इथल्या बराकीत आले होते. म्हणाले, "अम्मा बताती थी. गाँव की कोई बाई थी, कटोरी में दे गई थी. नाम भी नहीं पूछा." मग त्यांनी नाक शिंकरले, मला कोऱ्या फ्लॉप्यांचे खोके काढायला सांगितले आणि कॅम्पातल्या एकूण एक छापखान्याला विरजण पोचवायचा हुकूम सोडला. तेव्हापासून आमच्या छापखान्याइतका उदार छापखाना कॅम्पात दुसरा नव्हता आणि शेठ ते श्रेय खुशाल स्वतःकडे घेत.

ताईंच्या मतांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. त्या सगळे फुकट वाटतात, असे लोक म्हणत. ताई म्हणत, "फुकट वेगळं, मोकळं वेगळं. इंग्रजीला 'फ्री' या एकाच शब्दात दोन्ही कोंबावं लागतं, आपल्याला देवानं दोन शब्द दिलेत, तर वापरा." पुढे त्या दर रविवारी संगणकाचा वर्ग घेऊ लागल्या, त्याची फी होती आणि ती बुडवणाऱ्याला त्या बोलत. पण तिथे जे शिकवले जाई ते मोकळे असे. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून आम्ही तिथे लिनक्स ही मोकळी संगणकप्रणाली चढवायला शिकलो. पहिल्या खेपेला संगणकाचा पडदा काळा तो काळाच राहिला आणि ताईंसकट सगळे एका सुरात म्हणाले, "वरिजण." वर्गात एकच नियम होता : ज्याला जमले त्याने न जमलेल्याला दाखवून मगच घरी जायचे. बदलापूरच्या एका शिक्षिकेने ताईंच्याच प्रोग्राममधला रफाराचा घोळ सोडवून फ्लॉपी परत आणून दिली. त्या दिवशी ताईंनी सगळ्या वर्गाला बासुंदी खाऊ घातली. स्वतःची चूक दुसऱ्याने काढल्यावर बासुंदी वाटणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिलेले नाही.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. ताई हल्ली बदलापूरला माझ्याच भागात राहतात. माई जाऊन बरीच वर्षे झाली. सकाळी ताईंचा फोन आला, "सुरेश, तुझ्याकडे विरजण आहे का रे?"

मी ताठ बसलो. जुन्या सगळ्या फ्लॉप्यांतले मी जपून उतरवून ठेवले आहे. म्हटले, "आहे ना ताई. कुठल्या सालचं हवंय?"

"कालचं चालेल," ताई म्हणाल्या. "दही लावायचंय."

त्या चार दिवस बाहेरगावी गेल्या होत्या आणि घरातले दही संपले होते. माझ्या बायकोने वाटी भरून दिली. तीच, स्टीलची, झाकणाची. ताईंकडे पोचल्यावर मी सांगितले, की माईंनी दिलेल्या त्या दोन चमच्यांपासून आमच्या घरचे दही आजवर चालू आहे. मध्ये दोनदा बिघडले, तेव्हा शेजारच्या काकूंकडून आणले. त्यांना आम्हीच दिले होते.

ताईंनी झाकण उघडून वाटीत पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आईचं."

ताई, ते कुलूप विजेने गेले नव्हते, मी उपटले होते. त्या गाढवपणाचे उपकार मी जन्मभर मानीन. तुम्हाला निरोगी, हसते-खेळते असे पुष्कळ आयुष्य लाभो आणि तुमची बासुंदी आम्हाला वारंवार मिळो. घरातले पुन्हा कधी संपले तर फोन करा. आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही.