पेन्सिलचाचा आणि डावीकडची झडप

शनिवार, १५ मार्च २००३. कोल्हापूर, मोटारींचं दुकान, सकाळी साडेअकरा. हजर: चाचा, चाची, सुधीर, मी. काम: चाचांच्या गाडीवर काय घ्यायचं आणि काय नाही, ते ठरवणे.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत हे असं लिहिलेलं आहे. खाली अकरा वस्तूंची यादी आहे आणि त्यांतल्या आठांवर लाल पेन्सिलीची काट. काट चाचांच्या हातची. ते हलक्या हातानं रेघ मारत नसत. पान उलटलं की ती आजही बोटाला लागते.

ती पेन्सिल त्यांच्या उजव्या कानामागे असायची. सुतार वापरतात तशी चपटी. नमाजाला जाताना तेवढी काढून कोनाड्यात ठेवत. आमच्या आळीतली मुलं त्यांना पेन्सिलचाचा म्हणायची, पुढे मोठी माणसंही म्हणायला लागली. तीस वर्षं परदेशी मालबोटींवर इंजिनरूममध्ये काढून १९९८ साली ते कायमचे रत्नागिरीला आले. आमच्या समोरचं घर त्यांचं. चाची म्हणायची, "निकाहाला तीस वर्षं झाली, पण सुट्ट्या जोडल्यात तर संसार सहा वर्षांचा." हे ती हसत म्हणायची, आणि चाचा नेमके त्याच वेळी काहीतरी दुरुस्त करायला उठायचे.

त्याच वर्षी आम्ही आमची पहिली गाडी घेतली. मी सवयीप्रमाणे यादी केली होती: सीटची कव्हरं, टेप, रंगीत काचा, चाकांच्या चकचकीत टोप्या, असं बरंच. माझा नवरा सुधीर म्हणाला, एकदा चाचांना दाखव, यंत्रातला माणूस आहे. चाचांनी यादी वाचली, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "बाय, ही गाडीची यादी की रुखवताची?" मग एकेक ओळ काटत गेले. उरली एकच, गाडीच्या पोटाला गंज न चढण्यासाठी मारतात तो काळा थर. "आपला वारा खारा. त्याला खायला लोखंड लागतं. आधी त्याचं तोंड बंद कर, मग टेपवर गाणी ऐक."

त्यांचा नियम बोटीवरचा होता. "जे भर समुद्रात दुरुस्त करता येत नाही, ते बंदरावरून चढवायचं नाही." वस्तू कोणतीही असो, ते एवढंच विचारायचे: यात बिघडण्यासारखं काय आहे? बटणावर चालणाऱ्या काचांवर त्यांचा विशेष राग. पावसात गाडी पऱ्ह्याच्या पाण्यात बंद पडली, वीज गेली, तर काच कोण खाली करणार, तुझा दुकानदार? हे त्यांनी एका दुकानदाराच्या तोंडावरच विचारलं होतं.

हळूहळू आमच्या भागात गाडी घेणारा प्रत्येकजण चाचांना बरोबर नेऊ लागला. दुकानात शिरलं की ते आधी फरशीवर सरळ आडवे व्हायचे आणि गाडीखाली बघायचे. विक्रेते गडबडून जायचे. एकदा एकानं पाणी आणलं, काकांना चक्कर आली म्हणून. मग चाचा उठून पँट झटकायचे, आणि जाऊन मागच्या सीटवर बसायचे. पुढे कधीच नाही. "पुढे बसणारा निवडतो आणि मागे बसणारा सोसतो," म्हणायचे. गुडघा पुढच्या सीटला लागला की गाडी नापास.

त्यांचं न ऐकणारेही होते. मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरवाल्यानं हट्टानं मखमली सीटचं मॉडेल घेतलं. रोजचं मासळीचं काम, लिलाव आटोपला की त्याच कपड्यांत गाडीत. दोन महिन्यांत गाडीचं दार उघडलं की कुत्री गोळा व्हायची. तो चाचांकडे उपाय विचारायला आला. चाचा शांतपणे म्हणाले, "आता बोंबीलच वाळत घाल आत. मखमलीवरचे म्हणून चार पैसे जास्त येतील." आणि मग स्वतः जाऊन त्याला रेक्झिनची कव्हरं शिवून आणून दिली.

दुसऱ्यांच्या गाड्या अशा पाच वर्षं निवडल्यावर त्यांची स्वतःची आली. मुलगा रफिक कुवेतला. त्यानं फोनवर सांगितलं, अब्बा, आता अम्माला एस.टी.नं फिरवू नका. म्हणून १५ मार्चला आम्ही चौघं आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. चाचीनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि घाटात तीनदा विचारलं होतं, "माझा पदर चुरगळलाय का गो?"

दुकानातला विक्रेता हुशार होता. साधं मॉडेल दाखवून तो लगेच वरच्यावर गेला. त्यात एक 'कम्फर्ट पॅकेज' होतं: बटणाच्या काचा, एका किल्लीत सगळी दारं बंद, टेप, आणि पुढच्या डाव्या सीटसमोरच्या उन्हाच्या झडपेला आतून आरसा. ऊन आलं की आपण डोळ्यांसमोर ओढतो ती झडप. त्यानं ती खाली ओढली, आतलं झाकण सरकवलं आणि चाचीला म्हणाला, "बसून बघा ना, मावशी."

चाची बसली. आरशात बघून तिनं पदर सारखा केला, कानावरची बट आत घेतली. बराच वेळ बसून राहिली. मग चाचांना म्हणाली, "हे एवढं घ्या."

"आरसा घरात आहे," चाचा म्हणाले.

"घरात मला कोण बघायला येतं?"

आम्ही सगळे हसलो, विक्रेतासुद्धा. चाची हसली नाही. "इतकी वर्षं एस.टी.तून उतरले की बाजूच्या बाईला विचारायची, नीट दिसते ना म्हणून. आता तुम्ही चालवणार. तुम्ही समोर बघणार. मी कुणाला विचारू?"

मी यादीत अकरावी ओळ लिहिली: झडपेचा आरसा. चाचांनी विक्रेत्याला विचारलं, हा एकटा मिळेल का? तो म्हणाला, नाही, पॅकेजमध्येच येतो. चाचांनी पेन्सिल काढली.

सुधीर म्हणाला, "घ्या हो चाचा. एवढं काय त्यात."

आणि मी म्हणाले, "एका आरशासाठी तीन दुखणी विकत घ्यायची का?" चाचांची शिकवण मी चाचांनाच ऐकवत होते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि अकराव्या ओळीवर काट मारली. यादीत तीन वस्तू राहिल्या: खालचा काळा थर, रबरी मॅट, आणि डाव्या बाजूचा बाहेरचा आरसा. त्या काळी साध्या मॉडेलला तोही वेगळा बसवून घ्यावा लागे.

चाची गाडीतून उतरली. "तुम्हाला दोन आरसे झाले," एवढंच म्हणाली.

गाडी आली आणि चाचीनं आपला मार्ग शोधला. कुणाकडे पोचायच्या जरा आधी ती काच खाली करायची, हात बाहेर काढून डावा आरसा स्वतःकडे वळवायची आणि त्यात पदर नीट करायची. उतरल्यावर चाचा गाडीला वळसा घालून यायचे आणि आरसा पुन्हा जागेवर फिरवायचे. "हा मागचा रस्ता बघायला असतो." "मागचा रस्ता मी रोज बघितलाय," चाची म्हणायची. "तीस वर्षं दुसरं काय केलं?" हे भांडण आमच्या आळीनं दोन वर्षं ऐकलं. जयगडला तिच्या बहिणीकडे, लग्नांना, दवाखान्यात, जिथे जातील तिथे. गाडी थांबायच्या आधी चाचीची काच खाली आणि थांबली की चाचांचा वळसा.

२००५च्या पावसाळ्यात चाची गेली. आठ दिवसांचा ताप, इतकंच. रफिक पोचेपर्यंत दफन झालं होतं.

चाळिसाव्यानंतर चाचांना काही कामासाठी जयगडला जायचं होतं. मीही निघाले. गाडीत बसल्यावर पाहते तर डावा आरसा आत वळलेला, थेट माझ्याकडे. त्यात माझाच चेहरा. दवाखान्यात शेवटचं नेताना चाचीनं तो वळवला असणार. तापातही. मी काच खाली करायला लागले.

"राहू दे, बाय."

"चाचा, डावीकडचं काही दिसायचं नाही तुम्हाला."

"सावकाश चालवतो."

तेव्हापासून ते तसेच चालवत राहिले. मिरकरवाड्याच्या वळणावर बर्फाच्या टेम्पोनं डाव्या बाजूला लांबलचक ओरखडा काढला, तरी आरसा हलला नाही. गाडी धुताना ते त्याच्यावरून फडका असा फिरवत की तो तसूभरही सरकू नये.

लोक अजून त्यांना गाडी दाखवायला न्यायचे. पण आता फरशीवर आडवं होणं थांबलं होतं. ते मागेही बसत नसत. पुढचं डावं दार उघडून झडप खाली ओढायचे आणि विचारायचे, "बाईंना आरसा आहे का?" विक्रेते म्हणायचे, वरच्या मॉडेलला आहे. "मग वरचं घ्या," चाचा म्हणायचे, आणि बाहेर येऊन उभे राहायचे. लोक म्हणाले, चाचा थकले. काही जणांनी त्यांना नेणं सोडलं.

२००६च्या जानेवारीत एका सकाळी ते आमच्या ओट्यावर आले. बसले नाहीत. "तुझ्या वहीत एक लिही. ती झडप सुटी मिळते का बघ. आपल्या मॉडेलची, डावीकडची, आरशाची. कोल्हापुरात मिळेल."

मी त्यांच्यासमोर लिहिलं. नंतर फेब्रुवारीत आमच्या आमरसाच्या कारखान्याची डागडुजी निघाली, मग हंगाम, मग पाऊस. जे झालं नाही ते पुढच्या आठवड्याच्या यादीत उतरवायचं, ही माझी पद्धत. ती ओळ मी किती वेळा उतरवून काढली ते वह्यांमधून दिसतं. अक्षरही वळणदार आहे. चाचांनी पुन्हा विचारलं नाही. समोरासमोर घरं, रोज बोलणं व्हायचं, पण त्या विषयावर एक शब्द नाही. मीही धरून चालले की त्यांना घाई नाही.

नोव्हेंबरमध्ये भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले, तेव्हा सुट्या भागांच्या दुकानात झडप मागितली. माणसानं फळीवरून काढून दिली. वीस मिनिटंही लागली नाहीत.

परत आले तर चाचा दवाखान्यात. डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. मी पिशवीतून झडप काढून त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी आधी स्क्रूची भोकं अंगठ्यानं चाचपली. मग झाकण सरकवलं, बंद केलं, पुन्हा सरकवलं. आरशात बघितलं नाही. कितीतरी वेळ तेच चाललं होतं.

"यात..." ते म्हणाले आणि थांबले. मी वाकले. "यात बिघडण्यासारखं काय आहे गो?"

नंतर घरी येऊन मी २००३ची वही काढली. आमच्या १९९८च्या यादीपासून कितीदा त्यांच्या तोंडून ऐकलेला प्रश्न, आणि त्या दिवशी दुकानात आरशाबद्दल तो त्यांनीही विचारला नव्हता, मीही नाही. आम्ही पॅकेज काटलं. आरसा त्यात होता.

"दोन स्क्रू," त्या प्रश्नानंतर दवाखान्यात चाचा म्हणाले होते. "बरा झालो की बसवतो." झडप त्यांनी मला परत दिली, दवाखान्यात हरवेल म्हणून.

ते बरे झाले नाहीत. महिना संपायच्या आत रफिकला पुन्हा यावं लागलं.

गाडी मंडणगडच्या एका शाळामास्तरांनी घेतली. जानेवारीत ते पत्नीला घेऊन गाडी न्यायला आले. रफिकनं किल्ली दिली. मास्तर भला माणूस. त्यांनी ओरखड्याबद्दलही काही विचारलं नाही. बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या बाजूला आले, आरसा बघून म्हणाले, "हा कुणीतरी भलतीकडेच फिरवलाय," आणि हातानं सरळ केला. त्यात मागचा रस्ता दिसायला लागला.

झडप तेव्हा माझ्या कपाटात होती. रस्ता ओलांडला की चाचांचं घर. मी गेले नाही, गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभी राहिले.

मास्तरांचा पत्ता माझ्याकडे आहे. मध्यंतरी त्यांना पत्रही टाकलं, त्यांनी केव्हाही या म्हणून उलट कळवलं. मास्तरांच्या पत्नीला या सगळ्यातलं काही सांगायची गरज नाही. एक झडप काढायची, दुसरी लावायची. चाचांचा स्क्रूड्रायव्हर रफिक मला देऊन गेला आहे, तो झडपेबरोबरच ठेवला आहे. २००९ची वही आज उघडली. पहिल्या पानावर, जुन्या वहीतून उतरवलेली पहिली ओळ: मंडणगडला जाणे. डावीकडची झडप. दोन स्क्रू.