दयेच्या अर्जावरची सही

नातू कायदा शिकतो. काल मी कॉफी गाळत होते तर म्हणाला, "आज्जी, फाशी असावी का नसावी?" स्वल्प थांब म्हटलं बाबा, आणि त्या वासानं मला आमच्या बसवनगुडीच्या जुन्या स्वयंपाकघरात नेऊन सोडलं.

त्या दिवशीही आई कॉफी गाळत होती. दारात एक बाई उभी राहिली. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, ज्यानं भोसकून मारलं, त्याची आई. त्याला फाशीची शिक्षा लागली होती. दयेच्या अर्जावर आमचीही सही मिळावी, म्हणून ती आली होती.

"सोडा म्हणत नाही, अक्का," ती कन्नडात म्हणाली. "जन्मभर तुरुंगात राहू दे. मी जाऊन बघून तरी येईन."

अप्पा ताडकन उठले. "आणि आमच्या मुलाला बघायला आम्ही कुठं जायचं?"

बाई खालीच बसली. आईनं पदराला हात पुसले आणि सही केली. अप्पा चपला न घालताच बाहेर पडले.

"इतक्यात माफ केलंस?" मी आईवर ओरडले.

"माफ कुठं केलंय गं? जन्मात नाही करणार. पण तिचं माझ्यासारखं होऊ नये."

पुढं फाशी टळली. ती बाई केळ्यांची पिशवी घेऊन तुरुंगाकडे जायला आमच्या कोपऱ्यावर बसची वाट बघायची. बस सुटेपर्यंत आई खिडकीतून हलायची नाही. आईला तिचा राग येतोय, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, हेवा वाटत असेल.