सईच्या दाढेची जागा

काल मटणाच्या रश्श्यातली लवंग दाताखाली आली आणि इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचा तो दातांचा दवाखाना आठवला.

शाळेच्या मैदानात एका मुलाची बॅट माझ्या लेकीच्या, तेव्हा सात वर्षांच्या सईच्या तोंडावर बसली. दुधाची दाढ फुटली, युनिफॉर्म रक्ताने भिजला. दाढ काढावीच लागली. आमच्या गावी पडलेला दात कौलांवर फेकला की संपलं.

“दुसरी येईलच ना?” मी विचारलं.

“येईल, पण काही वर्षांनी. तोवर शेजारच्या दाढा सरकून तिची वाट अडवतील,” डेंटिस्टबाई म्हणाल्या.

जागा राखणारी तारेची कडी बसवायला गेलो, तेव्हा सईने लाथेने ट्रे उडवला. “सोड मला! आय हेट यू, बाबा!” मी तिचे हात आणि हनुवटी दाबून धरली. तिने माझा अंगठा इतका करकचून चावला की नखातून रक्त आलं. माझ्या आईचे दात उपचाराविना चाळिशीतच गेले होते. इथे लेकीला फुकट मिळणारा उपचार मी कसा सोडणार? पण तिचे ते डोळे पाहून वाटलं, ही आता माझ्याजवळ येणार नाही.

काल समोर बसून, आता मोठी झालेली सई त्याच जागी आलेल्या दाढेने मटणाची नळी कडाकडा फोडत होती. मी पाहतोय म्हटल्यावर हसली.

“बाबा, अंगठा लांब ठेव हं!”