टपालाची दोन दारं

गुनवोर ट्रानहोल्मला नवरा संशयी म्हणाला की ती म्हणायची, "त्याचाच तर पगार मिळतो मला." आणि ते खोटं नव्हतं. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीकाठच्या त्या नगरपालिकेचा लॉगिनचा सर्व्हर तिच्या ताब्यात होता. शिक्षक, नर्स, रस्त्यावरचा बर्फ उपसणारे, अशी तीन हजार माणसं रोज सकाळी पासवर्ड टाकतात आणि तो खरा की खोटा हे एकटा हा सर्व्हर ठरवतो. अशा यंत्राला जेवढी कमी दारं तेवढं बरं. या दारांना पोर्ट म्हणतात, त्यांना नंबर असतात, आणि कुठली उघडी असावीत याची यादी गुनवोरला तोंडपाठ होती.

त्या शुक्रवारी आठ वाजता तिने नेहमीसारखी आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरची दारं तपासली, तर यादीत नसलेली दोन उघडी निघाली. पंचवीस आणि एकशे दहा. दोन्ही टपालाची. लॉगिनच्या सर्व्हरला टपालाशी काय देणंघेणं?

ती सर्व्हरमध्ये शिरली आणि त्यालाच विचारलं. त्याने कानांवर हात ठेवले. ही दारं माझी नाहीतच! दुसरं कुणी असतं तर सुटलो म्हणत कॉफी प्यायला गेलं असतं. गुनवोरने मात्र खुर्ची आणखी पुढे ओढली. बाहेरून दार दिसतंय आणि घर म्हणतंय दारच नाही, म्हणजे कुणीतरी घराला खोटं बोलायला शिकवलंय. आणि ते शिकवायला किल्ली आतली लागते, सर्व्हरवर काहीही बदलू देणारी.

आतल्या किल्ल्या दोनच. एक तिची. दुसरी समोरच्या टेबलावरच्या क्रेस्टनची. एकोणीस वर्षं दोघं समोरासमोर बसत होते आणि आज त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. दोन वाजता निरोपाचा समारंभ, भाषण गुनवोरचंच. तिने सगळ्या यंत्रांच्या नोंदी उघडल्या. मंगळवारी संध्याकाळी क्रेस्टनचं नाव, तेही एकदा नाही, सदतीस वेळा, आणि प्रत्येक वेळी एकच ओळ: किल्ल्यांची यादी बदलली. जाता जाता हा काय करून ठेवतोय?

नियम स्पष्ट होता: संशय आला की आधी किल्ली काढायची. नऊ वाजता तिने त्याची किल्ली रद्द केली आणि विभागप्रमुख मेरेटेला कळवलं.

"क्रेस्टन? आपला क्रेस्टन?" मेरेटेने विचारलं. "दोनपर्यंत काय ते नक्की सांग. नाहीतर समारंभ रद्द, आणि पोलिसांना कळवावं लागेल."

क्रेस्टन सव्वानऊला आला, हातात दर शुक्रवारी आणायचा त्या पावांची पिशवी. थोड्या वेळाने म्हणाला, "अगं, सर्व्हर मला आत घेत नाहीये."

"काम चालू आहे त्याच्यावर," गुनवोर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली.

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. पाव गरम आहेत, खाऊन घे."

तिने पाव तसाच बाजूला सारला. ती उठली, बसली, खिडकी उघडली, परत लावली. दारं पुन्हा तपासली. उघडीच. सर्व्हरला पुन्हा विचारलं. नाहीतच. भाषणाचा कागद खिशात होता, त्याला हात लावायचीही तिची छाती होईना.

एक वाजून गेल्यावर घाईघाईत तिच्या हातून सर्व्हरचा पत्ताच चुकीचा पडला. त्या पत्त्यावर कुठलंच यंत्र नव्हतं. तरी उत्तर आलं: पंचवीस उघडं, एकशे दहा उघडं.

जे घर बांधलेलंच नाही, त्याचीही दारं उघडी!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कालच तिच्या लॅपटॉपवर नवा अँटिव्हायरस बसवला होता. टपालाची तपासणी करणारा त्याचा पहारेकरी लॅपटॉपच्या आतच उभा होता आणि टपालाच्या दारावरची प्रत्येक थाप बाहेर जाण्याआधीच अडवून "उघडं आहे" असं सांगत होता. तिने पलीकडच्या खोलीतल्या दुसऱ्या यंत्रावरून तपासलं. दोन्ही दारं बंद. सर्व्हर सकाळपासून खरंच बोलत होता.

धावत जाऊन तिने मेरेटेला सांगितलं. परत आली तेव्हा पावणेदोन झाले होते आणि क्रेस्टन आपले कप खोक्यात भरत होता.

"क्रेस्टन, सकाळी तुझी किल्ली मी काढली. दोन दारं उघडी दिसली आणि मला वाटलं, तूच... माझ्याच लॅपटॉपचा घोळ निघाला."

"किल्ली काढलीस ते कळलं होतं," तो म्हणाला. "नियमच आहे. तुझी मीही काढली असती."

"मग रागावला नाहीस?"

"रागावलोय तर! किल्लीसाठी नाही. सकाळपासून यंत्रांना विचारत बसलीस, तेच तेच, परत परत. मी इथे समोर बसलो होतो. मला नाही विचारलंस."

गुनवोरला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता विचारते. मंगळवारी काय करत होतास?"

"माझं नाव काढत होतो. अडतीस यंत्रांच्या किल्ल्यांच्या याद्यांमध्ये होतं. मी गेल्यावर तुला एकेक करून पुसत बसायला नको म्हणून." त्याने खोक्याचं झाकण लावलं. "सदतीस ठिकाणचं काढलं. लॉगिनच्या सर्व्हरची किल्ली तेवढी ठेवली होती. म्हटलं, ती आज आपण दोघं मिळून काढू."