बापूसाहेब चौबळांची पोच

आमच्या घरी टीव्हीवर मॅच लागली की चौकार गेल्याबरोबर माझा उजवा हात आपोआप आडवा हलतो आणि षटकार गेला की दोन्ही हात वर जातात. नातवंडांना वाटतं, आजोबांना वयामुळं काहीतरी होतंय. सूनबाई चहाचा कप माझ्यापासून जरा लांबच ठेवते. पण हे वयाचं नाही, जव्हारचं आहे. पन्नासच्या दशकात जव्हार-मोखाड्यात रेडिओवर क्रिकेट ऐकणारा प्रत्येकजण असाच हात हलवायचा आणि ही सवय सगळ्या गावाला एकाच गृहस्थांनी लावली होती. त्यांचं नाव बापूसाहेब चौबळ.

मी जव्हारच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बापूसाहेब संस्थानच्या कचेरीत दप्तर सांभाळत आणि संस्थानच्या क्रिकेट संघाचे स्कोअररही होते. विलीनीकरणात संघ गेला, दप्तर राहिलं. दप्तराबरोबर बापूसाहेबही राहिले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि खिशात दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल. "संस्थान गेलं मास्तर, पण षटक अजून सहाच चेंडूंचं आहे," असं ते पहिल्याच भेटीत मला म्हणाले. मी त्यांना फक्त पोस्ट कुठं आहे ते विचारलं होतं.

आता नातू विचारतो, मॅच कुठं लागणार, आणि घरातले चौघे चार चॅनलं सांगतात. जव्हारात हा प्रश्न एकट्या बापूसाहेबांचा होता. गावात वीज नव्हती. रेडिओ होते चार, तेही बॅटरीवर चालणारे, आणि चौघांचे स्वभाव चार. ते सगळे बापूसाहेबांच्या वहीत होते. "डॉक्टरांकडे जा. पण चारनंतर नको, चारला त्यांची बॅटरी मान टाकते. मग लाकडाच्या ठेकेदाराकडे. तिथं पुढच्या रांगेत बसू नका, त्यांचा कुत्रा मागच्या रांगेतला ओळखतो, पुढचा नाही." माणूस कचेरीच्या पायरीवर दिसला की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. लोक या तत्परतेवर खूष असत. एकदा हेडमास्तर बापूसाहेबांच्या आजारी पत्नीची चौकशी करायला गेले, तर बापूसाहेब म्हणाले, "आजचा दिवस टिकेल, उद्या जेवणाआधी संपेल." हेडमास्तर धावतच औषध आणायला गेले. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

कॉमेंट्री तेव्हा इंग्रजीत असे. गावात ते इंग्रजी कळणारे दोघेच, डॉक्टर आणि मी. त्यावर बापूसाहेबांनी तोड काढली होती. इंग्रजी कळणाऱ्यानं रेडिओशेजारी बसायचं आणि पंचासारख्या खुणा करायच्या. चौकाराला आडवा हात, षटकाराला दोन्ही हात वर, एक-दोन धावांना तेवढी बोटं, बायला हात डोक्यावर. मागच्यांनी तीच खूण करून आणखी मागे पोचवायची. समोर वही घेऊन बसलेले बापूसाहेब ती टिपत आणि खऱ्या स्कोअररप्रमाणे हात वर करून पोच देत. "पोच नाही तर धाव नाही," हे त्यांचं ब्रीद होतं. एखाद्या दिवशी अंगणात पन्नास-साठ माणसं एकदम दोन्ही हात वर करून उभी दिसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटे, इथं पोलिसांनी छापा घातला असावा.

मला ही व्यवस्था फार लोकशाही वाटली. एके दुपारी डॉक्टरांच्या ओटीवर रेडिओ एकदम खरखरला आणि गप्प झाला. डॉक्टर मागच्या तारा हलवून बघत होते. माझ्या टोपीवर मुंगळा चढला होता, म्हणून मी हात डोक्यावर नेला. समोर बापूसाहेबांनी गंभीरपणे पोच दिली आणि वहीत एक बाय लिहिली.

रेडिओ बंद होता आणि बाय निघाली होती.

मी बघतच राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या हातातल्या तारांकडे पाहिलं आणि हळूच वही मिटली. घरी जाताना बाजाराच्या वळणावर ते थांबले. "मास्तर, माझ्याकडे तोंड करून बोला. तीन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. आता ढोल वाजला तर पायांना कळतो, तेवढंच." मी त्यांच्याकडे तोंड करून नुसती मान हलवली. त्यांना तेच बरं वाटलं असावं.

गोष्ट साधी नव्हती. नव्या सरकारचा हुकूम होता की संस्थानी नोकरांनी ठाण्याच्या सरकारी डॉक्टरांकडून अंगानं धडधाकट असल्याचा दाखला आणावा, तरच नोकरी कायम आणि मागची पंचवीस वर्षं जमेस. बहिरा कारकून म्हटल्यावर घरीच बसायचं, आणि घरात वहिनी आणि लग्नाची मुलगी. सुदैवानं दप्तर बापूसाहेबांच्याच ताब्यात होतं आणि त्यांची फाईल त्याच दप्तरात. "सदर इसमास दाखल्याबाबत कळवावे" असं ठाण्याहून आलं की बापूसाहेब सदर इसमास कळवत, सदर इसमाकडून सही घेत आणि उलट टपाली विचारत की दाखला कोणत्या नमुन्यात हवा. नमुना यायला आठ महिने लागत. आला की तो संस्थानी आकाराच्या फाईलीत बसत नाही, असं कळवत. सरकारी कारभाराला मंद म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की एक अख्खं कुटुंब त्या मंदपणावर जगत होतं.

मग ठाण्याहून नवे साहेब आले. त्यांना फायली निकाली काढायचा नाद होता. आल्या आल्या त्यांनी चौबळांची फाईल मागवली आणि वर लाल पेन्सिलीनं लिहिलं, "पंधरा दिवसांत दाखला, नाहीतर कमी करावे." त्यांना दुसरा नाद क्रिकेटचा होता.

त्याच पंधरवड्यात मुंबईत मदतनिधीसाठी एक सामना जाहीर झाला. देशातले निवडक अकरा विरुद्ध निवडक अकरा. एकमेकांविरुद्ध खेळणारे सगळे बडे खेळाडू एका मैदानात! जव्हारला झोप लागेना. पण डॉक्टरांची बॅटरी नाशकाला चार्ज व्हायला गेली होती आणि ती नेणारी लॉरी वाटेत बसली होती. ठेकेदाराच्या रेडिओत उंदरानं संसार मांडला होता. उरलेले दोन रेडिओ लंकेच्या स्टेशनाशिवाय काही पकडत नव्हते. "आज कुठं?" विचारणाऱ्यांची कचेरीच्या पायऱ्यांवर रीघ लागली. बापूसाहेबांनी अर्धा दिवस वही चाळली. मग म्हणाले, "मोखाड्याला."

मोखाड्याला सरकारनं शेतकऱ्यांसाठी नवा रेडिओ दिला होता. त्याची सुई मुंबईवर बांधलेली आणि पेटीला कुलूप. संध्याकाळी खतांबद्दल अर्धा तास बोलणं झालं की कुलूप पुन्हा बंद. किल्ली साहेबांकडे. बापूसाहेबांनी अर्ज लिहिला की सदर सामना मदतनिधीसाठी असल्यानं तो शेतकऱ्यांनी ऐकणं लोककल्याणाचं आहे. साहेब असल्या कागदाचीच वाट पाहत होते.

आम्ही लाकडाच्या ट्रकमधून मोखाड्याला पोचलो. बरोबर कचेरीचा शिपाई लहानूही होता, साखरशेत गावचा. तिथल्या चावडीपुढं सूर्यमाळहून आलेली माणसं सकाळपासून बसली होती. सरकारचा रेडिओ दिवसाउजेडी उघडणार म्हणजे पाण्याबद्दल काहीतरी सांगणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, सरकारचा होता.

साहेब सामना सुरू व्हायच्या बेताला आले आणि त्यांनी पेटी उघडली. त्यांची खुर्ची रेडिओला खेटून ठेवली होती. दुसऱ्याच चेंडूला चौकार गेला, मी हात हलवला, मागं शंभर हात हलले आणि कुणाचं तरी कोपर साहेबांच्या टोपीला लागलं.

"ही काय कवायत चाललीय? हात खाली! सगळे गप्प बसून ऐका."

हात खाली गेले. माझेही गेले, खोटं कशाला सांगू. सरकारी शाळेचा मास्तर मी, बदलीच्या भीतीनं मांडीवर हात ठेवून वर्गातल्या पोरासारखा बसलो. रेडिओ बोलत होता. एक षटक गेलं, दुसरं गेलं. बापूसाहेबांची पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती. त्यांचे डोळे माझ्या हातांकडे, मग चेहऱ्याकडे, पुन्हा हातांकडे. कपाळावर घाम. मला स्वतःची इतकी शरम जन्मात कधी वाटली नाही.

तेवढ्यात साहेब खुर्चीतून अर्धे वळले. "चौबळ, तुम्ही मोठे स्कोअरर ना? मी जरा मागं पडलो. किती झाले?"

बापूसाहेबांना एवढंच कळलं की साहेबांचे ओठ हलले आणि आता आपण काहीतरी बोलायला हवं. आणि मागून लहानू उभा राहिला.

"सायेब, हात बंद करलं त आमाला आयकू कसा येल? तो बाबा इंग्लिश बोलतं. आमी हातांनीच आयकतू."

"हां, हां," सूर्यमाळची माणसं म्हणाली. त्यांना रेडिओ पाण्याबद्दल काय म्हणतो ते हातांनी का होईना कळायला हवं होतं.

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. निवडणुका होऊन गेल्या होत्या, लोकांचं ऐकायची नवीन पद्धत होती. "बरं, करा," ते नाखुषीनं म्हणाले. मी ताडकन उठलो आणि गेली दोन षटकं हातांनी पुन्हा टाकली, एक धाव, दोन धावा, चौकार, निर्धाव, सगळी, भराभर. बापूसाहेब पोच देत गेले, पेन्सिल धावत गेली. मी शेवटी साहेबांकडे बोट दाखवून वहीवर टिचकी मारली.

"एकोणीस, साहेब," बापूसाहेब शांतपणे म्हणाले. "अवांतर एकही नाही."

संध्याकाळी रेडिओवर सांगितलेला धावफलक आणि बापूसाहेबांची वही साहेबांनी ओळीनं ताडून पाहिली. एका धावेचाही फरक नव्हता. त्यांनी बरोबर आणलेल्या फायलींतून चौबळांची फाईल तिथंच काढली आणि लिहिलं, "इसमाची श्रवणशक्ती उत्तम असल्याचे मी समक्ष पाहिले आहे. दाखल्याची जरूर नाही." ऐकणं समक्ष पाहिल्याचा हा बहुधा राज्यातला एकमेव शेरा असावा. तेवढ्यात सूर्यमाळचा एक म्हातारा पुढं येऊन मला म्हणाला, "मास्तर, पान्याचा काय सांगला?" साहेबांनी पेटीला कुलूप घातलं.

बापूसाहेब आणखी तीन वर्षं दप्तरात राहिले. मुलीचं लग्न झालं, मागची नोकरी जमेस लागली. ती सगळी वर्षं मी मनातून ताठ होतो. गावातलं एवढं मोठं गुपित मी एकट्यानं सांभाळलं, असं मला वाटत होतं.

मग त्यांचा निरोपसमारंभ झाला. कचेरीच्या दिवाणखान्यात बापूसाहेब हार घालून बसले होते, समोर भाषणं चालली होती. तीसहून अधिक वर्षांची सेवा, कर्तव्यदक्षता, नवभारत. बापूसाहेबांना यातलं एक अक्षर ऐकू जात नव्हतं, तरी ते योग्य जागी हसत होते, योग्य जागी नम्रपणे मान खाली घालत होते. मला नवल वाटलं. मी त्यांची नजर कुठं आहे ते पाहिलं आणि मागं वळलो.

मागच्या भिंतीला टेकून लहानू उभा होता. साहेब बोलत होते तेव्हा त्यानं दोन्ही हात आडवे पसरले, वाइड. हेडमास्तर लांबत चालले तशी त्यानं गुडघ्यापुढं मनगटांची फुली केली, मेलेला चेंडू, म्हणजे डेड बॉल. त्याच्या शेजारी दाराशी डॉक्टर, ठेकेदार, पोस्टमन, सगळं रेडिओचं गिऱ्हाईक उभं होतं आणि कुणालाच त्यात काही नवल वाटत नव्हतं. त्यांना सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. गुपित फक्त सरकारपासून होतं, आणि मी आपला उगाच ताठ होतो.

माझी पाळी आली. तयार केलेलं भाषण मला आठवेना. मी बापूसाहेबांकडे तोंड करून एवढंच म्हणालो, "बापूसाहेब, तुमच्यामुळं या गावाला ऐकायची सवय लागली." आणि खाली बसलो. मागं लहानूनं काय खूण केली ते बघायचं धाडस झालं नाही. पण समोर बापूसाहेबांचे डोळे भरून आले, ते हारासकट उठून उभे राहिले आणि त्यांनी हात उंच करून पोच दिली.