साहेबांच्या हातची गाठ

सात लाल टाय माझ्यापुढे टाकून मॅनेजरसाहेब म्हणाले, "दहाच्या आत सगळ्या जॉबरांच्या गळ्यात दिसले पाहिजेत."

सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात मी कांडी खात्याची मुकादम होते. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. ती आम्ही बायका भरायचो. जॉबर म्हणजे लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. शहात्तर सालची ही गोष्ट. त्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. साहेब मुंबईहून नवीन आलेले. जॉबरांच्या गळ्यात टाय असला की कारखाना सुधारलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

टाय कसा बांधतात ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी नरसय्या जॉबरला पुढे उभं केलं आणि बांधून दाखवला. रुंद टोक अरुंद टोकावरून फिरवायचं, गळ्यापाशी वर काढायचं आणि पुढच्या वेढ्यातून खाली घ्यायचं. मग अरुंद टोक धरून गाठ वर सरकवायची. साहेब डावरे. त्यांनी सगळं डाव्या हाताने केलं.

मी ते अरुंद टोक धरून जरा ओढलं. नरसय्या खोकला.

"साहेब, हा फास हाय," मी म्हटलं. "लूमच्या पट्ट्यात गेला तर मानूस सुटायचा न्हाय."

"बाई, सगळं जग टाय घालतं."

"सगळं जग लूमवर वाकत न्हाय."

माझं डोकं फिरलं त्याला आणखी एक कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या खात्यातल्या एका बाईचा पदर सुटलेला दिसला, म्हणून याच साहेबांनी तिला भर पाळीतून घरी हाकललं होतं. मशीनजवळ अंगावर काही लोंबता कामा नये, अशी पाटी त्यांनीच भिंतीवर लावलेली. मी त्या पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, ती बायकांसाठी आहे. मग निदान टाय शर्टात खोचू द्या म्हटलं. तेही नाही. म्हणे, मग दिसणार कसा? वर सगळ्यांसमोर सुनावलं, की चौथी शिकलेल्या बाईने त्यांना शिकवू नये.

माझी चौथी झाली होती हे खरं. पण गाठीच्या बाबतीत मला शिकवणारा तो माणूस नव्हता. दिवसभर सूत तुटायचं आणि आम्ही जोडायचो. दिवसाला किती गाठी, हिशेब नाही. प्रत्येकीचा हात वेगळा, म्हणून गाठही वेगळी. टॉवेलात खराब गाठ सापडली की साहेब तो तुकडा टेबलावर ठेवायचे आणि आम्हाला रांगेत उभं करून विचारायचे, ही कुणाच्या हातची? गाठ बघून बाई ओळखता यायची. बोलणीही तिलाच बसायची.

टाय टळणार नव्हता. मग मी गाठ बदलली. परकराची नाडी बांधणाऱ्या कुठल्याही बाईला दोन गाठी माहीत असतात. निरगाठ ओढली की घट्ट बसते. सुरगाठीचं टोक ओढलं की ती सुटते. मी खांबाला टाय गुंडाळून बघत बसले. चार वेळा चुकलं. पाचव्या वेळी रुंद टोक दुमडून गाठीत घातलं आणि दुमडलेला भाग मागे दडवला. समोरून टायसारखा टाय. लोंबतं टोक हिसडलं की अख्खा टाय हातात. गाठ जरा जाड दिसायची, एवढंच.

बाकीच्या साही जॉबरांना मी तसे टाय बांधले. नरसय्याच्या गळ्यातली साहेबांची गाठ सोडून त्यालाही माझीच बांधली.

दहा वाजता साहेब बघायला आले. नरसय्याचा लूम दारासमोरचा, पाहुण्यांची पहिली नजर त्यावर जाणार. त्याची गाठ बघून ते म्हणाले, "माझ्या जॉबरच्या गळ्यात परकराची नाडी नको." माझी गाठ त्यांनी सोडली आणि त्याच्या मागे उभं राहून, आपल्याच गळ्यात बांधावा तसा, स्वतःच्या हाताने पुन्हा फास बांधला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नरसय्याच म्हणाला, "असू दे अक्का. तासभर तर हाय की."

मी गप्प बसले. त्याचा राग मला अजून स्वतःवर आहे.

साहेबांचा दुसरा हुकूम होता की पाहुणे असताना एकही लूम बंद दिसू नये. एरवी जॉबर लूम थांबवूनच हात घालतो. पाहुणे दारात आले आणि नरसय्याच्या लूमचा पट्टा चाकावरून सरकायला लागला. साहेबांनी लांबूनच खूण केली, चालू ठेव. नरसय्या चालू लूमवर वाकला. मी शेजारच्या लूमला कांड्या द्यायला आले होते. लूमच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही. मला फक्त त्याचे पाय घसरताना दिसले. टाय पट्टा आणि चाकाच्या मध्ये गेला होता.

विणकराने बटण दाबलं. लूम थांबला, पण फास ढिला होईना. गाठीखाली बोट शिरत नव्हतं. नरसय्याचे ओठ काळेनिळे पडले. आम्हा कांडीवाल्यांच्या कमरेला छोटी कात्री असते. मी ती त्याच्या कानाखाली घातली आणि टायची गळ्याभोवतीची पट्टी कापली. तो खाली बसला आणि घशातून आवाज काढत श्वास घ्यायला लागला. पाहुण्यांतला एकजण पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता.

दुसऱ्या दिवशी मला कारखान्याच्या मालकाच्या, शेठच्या, केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी कागद तयार ठेवला होता. म्हणाले, साक्षीदार म्हणून सही करा. मी कुठे वाचणार, असं त्यांना वाटलं असावं. मी एकेक अक्षर लावत सगळा वाचला. नरसय्याने आपला टाय स्वतः चुकीचा बांधला, निष्काळजीपणा केला, सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे.

मी ओच्यातून कापलेला टाय काढला आणि टेबलावर ठेवला. पट्टी मी बाजूने कापली होती, त्यामुळे गाठ जशीच्या तशी होती.

"शेठ, ही कुनाच्या हातची, ते साहेबांनाच विचारा," मी म्हटलं. "गाठीवरनं मानूस वळखायची त्यांना लई सवय हाय."

साहेब म्हणाले, गाठीला नाव असतं का? सगळ्यांची सारखीच.

शेठ म्हातारे होते, तरुणपणी स्वतः मागावर बसलेले. त्यांनी ती गाठ बोटांत फिरवून पाहिली. मग साहेबांना म्हणाले, "तुमच्या गळ्यातला सोडा आणि माझ्यासमोर बांधा."

साहेबांना बांधावा लागला. त्यांची गाठ डाव्या हाताची, उजव्या हाताने बांधणाऱ्याच्या उलट बाजूला कललेली. टेबलावरचीही तशीच. नरसय्या उजवा. त्याला बांधायला येतच नव्हतं ते वेगळं.

शेठनी कागद फाडला. साहेबांनी माफी मागितली नाही. टायचं कापडच हलकं होतं, असं काहीतरी पुटपुटले आणि पुढे तीन वर्षं आमच्या डोक्यावर राहिले. नरसय्या चार दिवसांनी कामावर आला. आवाज मात्र त्याचा कायमचा बसला.

भिंतीवरच्या पाटीखाली शेठनी एक ओळ वाढवून घेतली, की हा नियम पुरुषांनाही लागू. उरलेले सहा टाय मी मागून घेतले आणि कांड्यांच्या पोत्यांची तोंडं त्यांनी बांधली. तिथे मी निरगाठ मारायचे. पोत्याला श्वास घ्यायचा नसतो.