कृपा करून भेटायला येऊ नका

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर बायोप्सीचा रिपोर्ट वाचत होते आणि आमच्या आक्का मांडीवर दुसऱ्याच पेशंटचा डबा धरून बसल्या होत्या. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. डॉक्टर म्हणाले, "आक्का, हा लिम्फोमा आहे. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांचाच हा कॅन्सर. पण औषध आहे त्याला." आक्कांनी मान डोलावली आणि विचारलं, "सांगून झालं असंल तर वरच्या वॉर्डात जाऊन येऊ का? निरवांगीची पोरगी बाळंत झालीया, तिची भाकरी गार हुतीया."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांची सून, सुरेखा. इंदापूर तालुक्यात कळसला आमची ऊस-डाळिंबाची शेती आहे. आमच्याकडं सावड असते. आज तू माझ्या रानात खुरपायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते, मजुरीचं नाव नाही. आक्कांनी ही सावड दवाखान्यापर्यंत नेली होती. गावातलं, आसपासच्या गावातलं कुणी ॲडमिट झालं की एकीनं डबा पोचवायचा, एकीनं त्या घरच्या जनावरांना वैरण टाकायची, एकीनं पोरं सांभाळायची. पेशंटच्या उशाशी बसायला मात्र त्या स्वतः जायच्या. माझे सासरे गेले तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात त्या एकट्याच बसून होत्या. "तसं एकटं बसायची पाळी कुनावर येऊ नये," एवढंच त्या सांगायच्या.

मला ह्या सगळ्याचा वैताग यायचा, ते कशाला लपवू? घरात कामाचा डोंगर आणि सासूबाई लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बारामतीला. कधी बोलून दाखवलं की म्हणायच्या, "तू भाजू नगंस, मी भाजते. तू नुसतं पीठ मळून दे." काय बोलणार!

मानेवरची गाठ त्यांना ऊसतोडीच्या दिवसांतच लागली होती. दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितली नाही. झोपेत घाम यायचा, चोळ्या सैल झाल्या होत्या, आम्ही म्हटलं वय झालं. गाठ लिंबाएवढी होऊन मला दिसली, तेव्हा कुठं बारामतीला नेलं. तुमच्या घरात असं कुणाला होत असेल तर हात जोडून सांगते, दुखत नाही म्हणून गाठ सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. साधीच गाठ निघाली तर चांगलंच.

पुण्याला जाऊन पेट स्कॅन झाला. आजार अंगात कुठंकुठं पसरलाय ते त्यात दिसतं. मग बारामतीत केमो सुरू झाली. केमो म्हणजे सलाइनमधून जाणारं कॅन्सरचं औषध. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा.

औषधापेक्षा अवघड होतं ते पथ्य. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, साध्या सर्दीनंसुद्धा ह्यांचा जीव जाऊ शकतो. भेटायला कुणी यायचं नाही. कच्चं, बाहेरचं काही द्यायचं नाही."

कुणी यायचं नाही! हे कळसमध्ये सांगायचं, आणि तेही आक्कांच्या बाबतीत. आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर एक वेळ चालतं, पण आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे वैर. तरी माझ्या नवऱ्यानं औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावलं, "कृपा करून भेटायला येऊ नका." पाटी सगळ्यांनी वाचली. प्रत्येकाला वाटलं, ही दुसऱ्यांसाठी आहे. "आमी काय परकं हाय व्हय?" असं म्हणत जो तो चप्पल काढायचा. मी दारात आडवी उभी. कुणाकडं शहाळं, कुणाकडं देवाचा अंगारा. आठवड्याभरात माझं नाव फौजदारीण पडलं. माझ्या कानावर आलं, मी म्हटलं पडू दे.

खरा घोटाळा पुढच्या दाराला झालाच नाही, मागच्या दाराला झाला. दुसऱ्या केमोनंतर मी डाळिंबाच्या फवारणीला रानात गेले होते. शेजारच्या शेवंताकाकी गोठ्यातून आल्या, कडेवर शेंबडी नात, पदराला अंगारा. आतून कडी काढली ती आक्कांनीच. काकींनी अंगारा कपाळाला लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला, नातीला मांडीवर दिलं. दोघी पोटभर बोलल्या. मला हे सगळं मागाहून कळलं.

तिसऱ्या दिवशी आक्का तापानं फणफणल्या. रात्री बारामतीला आयसीयूत नेलं. पेशी कमी असताना ताप येणं, ह्याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात, आणि त्यात तासातासाला महत्त्व असतं. ताप आला तर सकाळची वाट बघू नका, एवढं माझं ऐका.

सकाळी आयसीयूच्या बाहेर निम्मं कळस बसलेलं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "तुमची सावड फेडायच्या नादात मारून टाकाल त्यांना!" शेवंताकाकी भिंतीला टेकून रडत होत्या. म्हणाल्या, "माज्या पोराला आकडी आली तवा रातभर उशाला बसली व्हती ती. मी तिला न्हाय बघायचं, तर कुनी बघायचं गं?" मी त्यांना पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

आक्का त्यातून वाचल्या, पण घरी आल्यावर हट्टाला पेटल्या. "मला न्हाय घ्यायचं पुढचं सलाइन. मानसं तोडून जगायचं तर जगायचं कशाला?" नवरा रागावला, नणंद फोनवर रडली, काही उपयोग नाही. शेवटी मी त्यांना डॉक्टरांपुढं बसवलं. ते म्हणाले, "आक्का, तुम्ही एवढे पेशंट सांभाळलेत. एखादा औषध टाकून पळाला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?" आक्का म्हणाल्या, "मुस्काडीत दिली असती." आणि पुढच्या केमोची तारीख त्यांनी स्वतःच विचारली.

त्यानंतर मी खिडकीची सोय केली. आक्का आत खाटेवर, बाकी सगळ्या अंगणापलीकडं बांधावर. मधे एवढं अंतर की ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही. त्यामुळं कुणाची सून रुसली, कुणाच्या म्हशीला काय झालं, हे सगळं रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही कळायचं. आक्का आतूनच सावड लावायच्या. "सनसरच्या वैनीला बारामतीला नेलंय म्हनं, डबा कुनाकडं हाय आज?" मी त्या वेळात गोळ्या मोजायची, ताप बघायची, भांडी उकळायची, काढ्याच्या बाटल्या जप्त करायची. केस गेले, तोंड आलं, चव गेली. आक्कांनी सहाच्या सहा केमो पुऱ्या केल्या. दार मी शेवटपर्यंत उघडलं नाही.

मग पुन्हा पेट स्कॅन झाला. मला वाटलं होतं, आता पेढे वाटायचे. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाले, "औषधाला आजार दाद देत नाहीये. यकृतात उतरलाय. ह्याहून कडक औषध त्यांचं हृदय सोसणार नाही. आता दुखू नये, धाप लागू नये एवढंच आपण बघायचं." ह्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, म्हणजे आजार हटवायचा नाही, माणसाचा त्रास हटवायचा. मी उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, "आणि ताई, आता कुणी भेटायला आलं तर अडवू नका."

इतके महिने मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. जिन्यात बसून मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी पाटी काढली आणि आधी शेवंताकाकींकडं गेले. त्या गोठ्यात शेण भरत होत्या. म्हटलं, "काकी, आज आक्कांना भेटायला या. खिडकीशी नको, आत या."

"डाक्टर व्हय म्हनला?"

"व्हय."

"म्हंजी बरी झाली की गं!" काकींनी शेणाचे हात तसेच जोडले. "देव पावला! थांब, समद्या गल्लीला सांगते."

त्या निघाल्या. मी तिथंच गोठ्यात उभी राहिले. दाराशी त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

दुपारपर्यंत घर भरलं. एवढ्या बाया, पण एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. आक्कांनी खाटेवरून सगळ्यांवर नजर फिरवली. मग मला विचारलं, "डाक्टरनं हात टेकलं व्हय गं?"

मी मान डोलावली.

"बरं," आक्का म्हणाल्या. "रडायचं असंल त्यांनी भायेर जा. बसायचं असंल त्यांनी नीट बसा. शेवंते, तुजी नात कशी हाय?" मग एकेक सुरू झाली. कुणाचं गुडघं, कुणाची साखर, कुणाच्या पोराचं शिक्षण. त्या प्रत्येकीचा हात हातात घेऊन ऐकत होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा बघितला नव्हता.

मी सवयीनं दारातच उभी होते, हातात सॅनिटायझरची बाटली. कोण येतंय, कोण शिंकतंय, बघत.

बायका पांगल्या तेव्हा आक्कांनी मला हाक मारली. "सुरेखा, तू का तितं उभी?"

"काही हवंय का, आक्का?"

"मला काय नगं. ये, बस हितं." त्यांनी खाटेवर हात आपटून जागा दाखवली. "समदी भेटून गेली. तूच तेवढी ऱ्हायलीस भेटायची."

मी बाटली खाली ठेवली. ताप बघितला नाही, गोळी दिली नाही. त्यांच्या शेजारी नुसती बसले.